ईबीसी, फ्रीशिप, स्वाधार: तुमची फी कशी भरली गेली? (अनुभव धागा)

लिंबोणी
काल संध्याकाळी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची पावती दाखवायला आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून आणली होती. शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य. ताईंना वाचता येतं, तरी माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.

राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या जीआरमुळे हे झालं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मीच माफ होती. उरलेली निम्मी उभी करताना कितीतरी घरांत आधी मुलाचा विचार व्हायचा आणि मुलीला 'बीए कर, जवळच आहे' असं सांगितलं जायचं. म्हणून मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

पावती हातात असताना आमच्या कॉलेजचा नोटीस बोर्ड आठवला. १९९४, बीएस्सीचं पहिलं वर्ष. ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या फीसवलतीचा, फॉर्म भरला होता, पण उत्पन्नाच्या दाखल्यावर सही व्हायला दोन महिने गेले आणि तोवर 'फी बाकी'च्या यादीत माझं नाव लागलं. बोर्ड नेमका लायब्ररीच्या दारात. मी चार महिने लायब्ररीत पाऊल टाकलं नाही, मैत्रिणीच्या वह्यांवर अभ्यास केला. फेब्रुवारीत मंजुरी आली आणि लाल पेनाने नाव खोडलं. ती खोडलेली यादीही परीक्षेपर्यंत तिथेच होती.

तुम्ही लिहा. फी कशी भरली, कोण उभं राहिलं, पैसे कधी आले. ज्यांची मुलं आत्ता कॉलेजात आहेत त्यांनी तर नक्कीच.

माणदेशी
नोटीस बोर्डाचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे वर्गात उभं करायचे.

जुनी सायकल
मुलाच्या फोनवर बोलून टाइप करतोय, चुका पोटात घाला. आमच्या वेळी ईबीसीला बाराशेची सवलत म्हणायचे. वडिलांचं वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर फी माफ. यशवंतराव चव्हाणांनी १९५९ च्या सुमारास सुरू केली. मी १९६८ ला साताऱ्यात कॉलेजला होतो. फी माफ झाली, पण जेवणाचं काय? त्याला कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका'. सकाळी शेतावर दोन तास खुरपणी, मग आंघोळ, मग तास. हाताला मातीचा वास तसाच असायचा. आमच्या वर्गात सगळ्यांच्याच हाताला असायचा म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून. त्याआधी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली होती. फी आणि पोट ही दोन वेगळी कामं आहेत हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

खडूची पेटी
काका, अजून लिहा ना. बोर्डिंगच्या जेवणाबद्दल.

जुनी सायकल
ज्वारीची भाकरी आणि आमटी. रविवारी गूळ. बाकी उद्या लिहितो, डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली.

कयाधू
मी २०१९ ला हिंगोलीहून पुण्याला एमएस्सीला आले. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून स्वाधारचा अर्ज केला, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना. पुण्यासाठी वर्षाला ६० हजार. जेवण, खोली, निर्वाह सगळं धरून. कागदावर पुरेसे. पण पहिला हप्ता आला तेव्हा माझं पहिलं सेमिस्टर संपून दुसऱ्याचे फॉर्म सुटले होते. तोपर्यंत आम्ही तिघी एका खोलीत, मेसचा डबा दोन माणसांचा घ्यायचो आणि तिघी खायचो. घरमालक काकूंना खरं सांगितलं तर म्हणाल्या, स्कॉलरशिप आली की दे. सहा महिने एकदाही त्यांनी दार वाजवलं नाही. कार्यालयात मी अकरा वेळा गेले. तिथल्या खिडकीवर मिळालेलं उत्तर लिहीत नाही, पण काकूंचं ते वाक्य माझ्या आयुष्यभर लक्षात राहील.

रक्कम वाढवा, जरूर वाढवा. त्याहून आधी ती जुलैत द्या. भूक मार्चपर्यंत थांबत नाही.

लिंबोणी
कयाधू, तिघींमधल्या बाकी दोघी कुठे आहेत आता?

कयाधू
एक परभणीला ज्युनिअर कॉलेजवर शिकवते. दुसरीने शिक्षण सोडलं. तिचं पहिलं वर्षही पूर्ण झालं नाही. तिचा अर्ज 'सेंट बॅक' (दुरुस्तीसाठी परत) झाला होता आणि तो मेसेज गेला वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरवर.

टेबल क्रमांक ४
मी खिडकीच्या आतल्या बाजूचा. अनुदानित कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे, नऊ वर्षं झाली. तुमच्या मैत्रिणीसारखे अर्ज दरवर्षी बघतो. बहुतेक वेळा कारण एवढंसं असतं. दहावीच्या गुणपत्रिकेत आईचं नाव एक, आधारवर दुसरं. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा. गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र नाही. मुलं शेवटच्या आठवड्यात येतात, तेव्हा पोर्टल उघडत नाही. मी रात्री अकरानंतर घरून लॉगिन करून अर्ज पुढे पाठवलेत. बायको जागी राहून चहा करायची. आमच्याकडे या कामाला दोन माणसं पाहिजेत, आहे मी एकटा, आणि परीक्षा विभागाचं कामही माझ्याचकडे.

एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्या: कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश झाला असेल तरच फीमाफी. संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर मिळत नाही. हे प्रवेशाच्या आधी कुणी सांगत नाही आणि नंतर आई-वडील माझ्यासमोर रडतात.

कयाधू
सर, रात्री अकरा वाजता कुणीतरी आमचे अर्ज बघत होतं हे आज कळलं. 🙏

मीटर डाऊन
रिक्षा चालवतो. नाशिक. मुलगी २०२४ ला फार्मसीला लागली, ओबीसी, कॅपमधून. कॉलेज म्हणालं आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. मी जीआर मोबाइलवर ठेवला होता. दाखवला. म्हणाले आम्हाला पत्र आलं नाही. दोन दिवस स्टँडला गाडी लावून तिथेच बसलो. तिसऱ्या दिवशी आणखी चार पालक आले, त्यांनाही दाखवला. मग फक्त डेव्हलपमेंट आणि इतर फी मिळून भरायला सांगितलं. तेही १८ हजार होते. भिशीतून उचलले. मुलगी पहिल्या वर्षाला वर्गात तिसरी आली.

माणदेशी
दादा, शाब्बास तुमची आणि लेकीची!

खडूची पेटी
माझे आई-वडील एसटीने डबा पाठवायचे. औसा ते लातूर. फी ईबीसीतून, आणि पोट कंडक्टरमामांच्या भरवशावर. डब्यावर खडूने नाव लिहिलेलं असायचं, पावसाळ्यात पुसून जायचं, मग डबा कुणाचा ते भाजीवरून ओळखायचं. आईची शेंगदाण्याची चटणी मला झाकण न उघडता कळायची.

किनारपट्टी
एसटीचा डबा!! आमच्याकडे राजापूर ते रत्नागिरी. भावाचा डबा एकदा गाडीबरोबर पुढे गणपतीपुळ्याला गेला. संध्याकाळी मामांनी परत आणून दिला, वर स्वतःच्या घरचे दोन आंबे ठेवून.

खडूची पेटी
आता ते डबे बंदच झाले असतील ना?

टेबल क्रमांक ४
नाही हो. आमच्या गावच्या स्टँडवर सकाळी साडेसातला अजून रांग असते डब्यांची.

मांडवी
गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे सरकारचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, माझं एमबीए त्यावर झालं. व्याज नाही ही फार मोठी सोय, पण कर्ज ते कर्जच. नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं हप्ता आधी, मग घरी पैसे. कर्ज आणि अनुदान यातला फरक ते फेडताना कळतो. माझी बहीण हुशार असून 'अजून एक कर्ज नको' म्हणून पुढे शिकली नाही. कुणीही तिला नको म्हटलं नव्हतं. तिने आपणच ठरवलं.

दुपारची लोकल
मुलाला क्लासला सोडून गाडीत बसून वाचतेय सगळं. न्यू जर्सी. इथल्या काउंटी कॉलेजात मदत कक्षात काम करते. इथे राज्याचं अनुदान आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६५ हजार डॉलरच्या आत असेल तर दोन वर्षांच्या कॉलेजची फी राज्य भरतं. २०१९ ला सुरुवात झाली, २०२१ ला कायदा झाला. इथेही फॉर्म अर्धवट राहतात, इथेही मुलं पुस्तकं आणि बसभाड्याला अडतात. पण एक गोष्ट चांगली आहे. पैसे कॉलेजच्या खात्यावर जमा होतात आणि ते होईपर्यंत मुलाचं नाव कुठल्या यादीत लागत नाही. लिंबोणीताईंचं वाचून तेच मनात आलं.

माणदेशी
आपल्याकडेही आधी कॉलेजलाच जायचे ना? आता मुलांच्या खात्यावर.

टेबल क्रमांक ४
एससी मुलांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यावर येतो, राज्याचा ४० टक्के वेगळा. दोन्ही एकाच दिवशी येतील असं नाही. कॉलेजची फी मुलाने भरायची. त्या घरात कुणी आजारी असलं की पैसे दवाखान्यात जातात. मी त्या मुलाला बोल लावू शकत नाही. शिवाय त्या योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवरच आहे, आणि ईबीसीची २०१६ ला सहा लाख आणि पुढे आठ झाली. अडीच लाख म्हणजे महिन्याला २१ हजारही नाहीत. आई शिपाई आणि बाप वॉचमन असला तरी घर मर्यादेबाहेर जातं. ही मर्यादा वाढवलीच पाहिजे, आणि लवकर.

पाऊलखुणा
सगळं वाचलं. मला लिहायचंय पण आत्ता जमत नाहीये, पोरगं उठलं. उद्या लिहिते.

मीटर डाऊन
टेबल ४ साहेब, एक विचारतो. मुलीचा अर्ज मंजूर दाखवतो पण दुसरा हप्ता खात्यात नाही. मेमधे सिम घेताना दुकानदाराने कसलंतरी बँक खातं उघडलं तिच्या नावाने. त्याने काही होतं का?

टेबल क्रमांक ४
होतं. आधार नव्या खात्याला जोडलं गेलं असेल तर पैसे तिकडे जातात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) बघा, तिच्या मोबाइलवर ओटीपी येईल. कुठल्या बँकेचं नाव दिसतं ते सांगा.

मीटर डाऊन
बघितलं. ते सिमवालंच दिसतंय.

टेबल क्रमांक ४
मग घाबरू नका, पैसे त्याच खात्यात असतील. दुकानात जाऊन काढता येतात. आणि तिच्या जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या, म्हणजे पुढचा हप्ता तिथे येईल.

मीटर डाऊन
उद्या सकाळची शाळेची मुलं सोडली की जातो.

लिंबोणी
दादा, मुलीला सोबत न्या, तिचा अंगठा लागेल. आणि काय झालं ते इथे कळवा.