विदर्भातल्या दौऱ्यात वाइन: कुठे घ्यायची, बाटली कशी पारखायची?

प्रश्न
चांदूरबाजार_रोड

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन गाडीने विदर्भ फिरायचा आहे. नागपूर, ताडोब्याचं कोळारा गेट, तिथून चिखलदरा आणि शेवटी लोणार. पाहुणे वाइन जाणणारे आहेत, जिथे जातील तिथली चाखायची त्यांची रीत आहे. नाशिक असतं तर प्रश्नच नव्हता. इथे 'वाइन शॉप'च्या पाट्या गावोगाव दिसतात, पण आत बहुतेक व्हिस्की आणि रमच असते.

विचारायचं आहे ते असं. इकडची म्हणता येईल अशी वाइन कोणती? घ्यायची कुठून? बाटली न उघडता ती बिघडलीय का, हे दुकानात उभ्याउभ्या कळतं का? सावजीसोबत काय चालेल? आणि मोहाची वाइन म्हणतात ती आणि मोहाची दारू एकच का?


उत्तर १
घाटाखालचा

आधी नकाशा उघडा भाऊ, बाटलीचं नंतर पाहू. वर्धा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि त्यात वाइनही आली. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, म्हणून कोळाऱ्यात अडचण नाही. अडचण मधल्या रस्त्यांची आहे. नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना लागणारं जाम वर्धा जिल्ह्यात. अमरावती रस्त्यावरचं कारंजा घाडगे आणि तळेगाव वर्धा जिल्ह्यात. समृद्धीवर चढलात तरी नागपूर जिल्हा संपला की वर्धाच. डिक्कीत बाटली ठेवून यातला कुठलाही रस्ता धरू नका. बंद असो की उघडी, तपासणीत सापडली तर बोलायला जागा राहत नाही.

कोळाऱ्याला उमरेड, भिवापूर, चिमूर असं जा. परत नागपूरला याच वाटेने या आणि चिखलदऱ्यासाठी काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा ही वाट धरा. थोडा वेळ जास्त जातो, पण वर्धा पूर्ण टळतो आणि संत्र्याचा सगळा पट्टा डोळ्यांखालून जातो. लोणारला जाताना समृद्धी घ्यायची तर कारंजा लाडपासून घ्या, ते वाशीम जिल्ह्यात आहे. दोन्ही कारंजांमध्ये गल्लत करू नका, मोबाइलच्या नकाशात हमखास होते.

आता दुकान. पाटीवर 'वाइन शॉप' असलं तरी तो परवाना सगळ्या विदेशी मद्याचा असतो, वाइन ठेवायचीच असं बंधन नाही. 'बिअर शॉपी'त बिअर आणि वाइन या दोनच गोष्टी विकता येतात, म्हणून तालुक्याच्या गावी वाइन हवी असेल तर आधी बिअर शॉपीत डोकवा. निदान फ्रिज तरी असतो. 'देशी दारू'च्या दुकानात वाइन नसतेच. माझं म्हणणं सरळ आहे: सगळा माल नागपुरातच, एसी चालू असलेल्या आणि वाइनचा खप असलेल्या दुकानातून घ्या. पुढे मिळेल या भरवशावर राहू नका.

आणखी दोन गोष्टी. मद्य बाळगायला आणि प्यायला आपल्याकडे १९४९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. एका दिवसाचा दुकानातच मिळतो, पण दौरा दहा दिवसांचा असेल तर वर्षाचा काढून ठेवा. बिलं जपून ठेवा. आणि चिखलदऱ्याहून मध्य प्रदेश जवळ आहे म्हणून तिकडची बाटली इकडे आणू नका, प्रत्येक राज्याचा कर वेगळा आणि लेबलही वेगळं. सफारीच्या जिप्सीत तर मद्य नकोच.


उत्तर २
बूच_आणि_बाटली

रस्त्याचं वर आलंच आहे, मी बाटलीचं सांगतो. विदर्भात वाइन बिघडते ती बहुतेक उन्हाने. नाशिकच्या कोठारात १५ अंशांवर राहिलेली बाटली ट्रकमध्ये, मग गोदामात, मग पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात येते. बाहेर ४५ अंश असताना आत काय होत असेल ते बघा. वाइन तापली की फुगते आणि बुचाला वर ढकलते. रात्री गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा ओढून घेते. असं महिनाभर चाललं की कंपनी कितीही चांगली असो, आतला माल शिजलेला असतो.

म्हणून दुकानात पहिल्यांदा तोंडावरून अंगठा फिरवा. टोपणाखाली बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं लागलं, किंवा टोपणाखालून चिकट ओघळ आलेला असला, तर ती बाटली सोडा. मग उजेडात धरून पातळी बघा. नव्या बाटलीत बुचाखाली साधारण दीड सेंटिमीटर जागा असते. तीनच्या पुढे गेली तर गळती झालेली आहे. फिरकीच्या झाकणात मुळातच जास्त जागा सोडतात, तिथे हा हिशोब लावू नका. त्याच मालाच्या शेजारच्या दोन बाटल्यांशी पातळी ताडून बघा, तिन्ही सारख्या हव्यात. खरं तर या हवेत फिरकीचं झाकणच घ्यावं. बूच असलं की वाइन भारी, ही समजूत इथे महागात पडते.

पांढरी वाइन असेल तर मागे पांढरा कागद धरा. वर्षभरापूर्वीची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां फिकट पिवळी, किंचित हिरवट दिसायला हवी. जुन्या मधासारखी गडद किंवा तपकिरी झाली असेल तर हवा लागलीय. काच रंगहीन असेल आणि बाटली शोकेसच्या दिव्याखाली किंवा उन्हात उभी असेल तर रंग चांगला असूनही घेऊ नका, उजेडानेही वास बिघडतो. मागची, खोक्यातली बाटली मागा.

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. म्हणजे तुम्ही मार्चअखेर जाणार, तेव्हा गेल्या सालाची पांढरी आणि गुलाबी बरोबर बसते. त्यामागची शक्यतो नको. लाल वाइन दोन-तीन सालं मागची चालेल, पण ती कुठे पडून होती हे कळलं तरच. साल छापलेलं नसेल तर बाटलीत भरल्याचा महिना शोधा, तो छापलेला असतो.

'पोर्ट' लिहिलेल्या स्वस्त बाटल्या गावातल्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसतात. त्या गोड असतात, गोडव्याखाली दोष झाकले जातात आणि त्यावरून इथल्या द्राक्षांची काही पारख होत नाही. पाहुण्यांना त्या देऊ नका.


उत्तर ३
मृगबहार

'इकडची वाइन' याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर द्राक्षाची वाइन ही नाशिकची, किंवा अकलूजकडची. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, रात्री गार होतात, त्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो. आपल्या काळ्या कपाशीच्या रानात पाणी धरून राहतं, उन्हाळ्यात जमीन हातभर भेगाळते आणि रात्रीही गारवा नाही. इथल्या कास्तकाराने संत्रा धरला तो उगाच नाही. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून या मातीची म्हणायची तर ती फळाची किंवा फुलाची वाइन.

संत्र्याच्या वाइनची परीक्षा एकाच जागी होते: घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला काय उरतं? संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या सालपटात एक द्रव्य असतं. ते सुरुवातीला कडू नसतं, पण रस काढल्यावर आंबटपणामुळे काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि ते कडूजहर. ताजा रस गोड लागतो आणि संध्याकाळी तोच कडवट होतो, त्याचं कारण हेच. फळ बियांसकट चिरडून केलेली वाइन त्यामुळे पहिल्या घोटाला छान आणि तिसऱ्या घोटाला औषधासारखी लागते. हलक्या हाताने पिळून, बिया आणि चोथा लगेच वेगळा केलेल्या रसाची वाइन शेवटपर्यंत स्वच्छ राहते.

दुसरं, साखर. रसाची गोडी साधारण १० ते ११ ब्रिक्स (शंभर ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर), म्हणजे नुसता रस आंबवला तर ५-६ टक्के मद्यार्क येतो आणि एवढ्यावर ती टिकत नाही. लिटरमागे १७ ग्रॅम साखरेचा साधारण १ टक्का होतो, म्हणून ११ टक्क्यांसाठी लिटरला ९० ते १०० ग्रॅम साखर वरून घालावी लागते. यात गैर काही नाही. पण आंबवण संपायच्या आत बाटली भरली तर आतली साखर पुन्हा आंबते. उघडताना फस्सकन आवाज आला, बुडबुडे आले आणि लेबलवर कुठेही फेसाळ वाइन असं लिहिलेलं नाही, तर तो दोषच समजा. रंगही बघा. अस्सल संत्र्याची वाइन फिकट सोनेरी असते. भडक केशरी दिसली तर लेबलवर रंगाचा उल्लेख शोधा.

कोणी 'घरची आहे' म्हणून साध्या बाटलीत देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. विनापरवाना केलेली आणि विकलेली वाइन बेकायदा आहे. सीलबंद बाटली, त्यावर परवाना क्रमांक, बॅच, मद्यार्काची टक्केवारी, एफएसएसएआय क्रमांक, एवढं असेल तरच. फळ अस्सल बघायचं असेल तर वरूड-मोर्शीच्या वाटेवर मार्चअखेर मृग बहाराचा शेवटचा माल अजून मिळतो. तो खा. पाहुण्यांना आधी फळ आणि मग वाइन दिली की तुलना आपोआप होते.

मोहाचं: एकच नाही. मोहफुलं आंबवून गाळून घेतली, भट्टीवर चढवली नाहीत, तर ती वाइन. ७ ते १५.५ टक्के हा वाइनचा नियमातला पट्टा आहे. तेच आंबवण उकळून वाफ थंड केली की ती दारू. तुम्ही जाल तेव्हा फुलगळीचाच हंगाम असेल. पहाटे झाडाखाली पांढरट, रसाळ फुलांचा सडा पडतो. ते फूल हातात घेऊन, हुंगून, चावून बघा. मनुका आणि ओल्या गवताचा मिळून एक वास येतो. चांगल्या मोहाच्या वाइनमध्ये तोच पुसटसा यायला हवा, आंबलेल्या पेंडीचा नाही.

हातभट्टीच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका. गूळ आणि नवसागराच्या रसायनात काय मिसळलंय ते कुणी सांगत नाही. मिथेनॉल वासाने, चवीने किंवा काडी लावून ओळखता येत नाही. ज्योत निळी म्हणजे दारू चांगली, हे साफ चुकीचं आहे. प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर वाट न बघता थेट दवाखाना. आणि गोंड-कोरकू घरांत मोहाची दारू देवकार्याची असते, ती विकत मागणं बरं दिसत नाही.


उत्तर ४
खसखस_खोबरं

सावजीसोबत लोक लाल शिराझ सुचवतात. मटण लाल, वाइन लाल, एवढाच त्यामागचा विचार. मला तो पटत नाही. मद्यार्काने तिखटाची आग वाढते आणि लाल वाइनचा तुरटपणा मिरचीवर कडू लागतो. त्यात सावजीच्या रश्श्यावर तेलाचा तवंग आणि खाली खसखस-खोबऱ्याचं जाड वाटण. साडेतेरा-चौदा टक्क्यांची शिराझ दोन घासांत नुसती जळजळ उरते. गोडसर शेनिन ब्लां, बारा टक्क्यांच्या आसपासची, चांगली गार करून द्या. गोडव्याने तिखट सावरतं, आंबटपणाने तेल कापलं जातं. पाटोडीच्या रश्श्यालाही हीच. कोरडी गुलाबी वाइन गोळाभाताबरोबर छान जाते, वरून लसणाची फोडणी घेतली तरी. शिराझ ठेवायचीच असेल तर भाजलेल्या वांग्याच्या भरिताबरोबर ठेवा, धुराचा वास तिला मानवतो.

आणि पारख जेवणाआधी करा. सावजीचा एक घास पोटात गेला की अर्धा तास जीभ काही सांगत नाही.


चांदूरबाजार_रोड

रस्ता आणि दुकान पक्कं झालं, आभार. चिखलदऱ्याच्या मुक्कामी फ्रिज नसण्याची शक्यता आहे. गाडीत बाटल्या कशा न्यायच्या, गार कशा करायच्या? आणि उघडल्यावर पहिला घोट घेताना नेमकं काय हुंगायचं?


उत्तर ५
बूच_आणि_बाटली

मासळीवाल्यांकडे मिळतो तो थर्माकोलचा डबा घ्या. त्यात बाटल्या आडव्या आणि मध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन एक लिटरच्या बाटल्या, कपड्यात गुंडाळून. डबा डिक्कीत नको, मागच्या सीटखाली एसीच्या वाऱ्यात. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ६० च्या पुढे जातो, जेवायला थांबलात तरी डबा सोबत उतरवा.

बर्फ मिळाला तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, कारण काचेला बर्फाचे चारच खडे टेकतात. पाण्यात बुडाली की २५-३० मिनिटांत पांढरी तयार. बर्फ नसेल तर ओलं पोतं किंवा दुपट्टा गुंडाळून वाऱ्याला ठेवा. इथली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्याने ४२ अंशांतही बाटली २३-२४ पर्यंत उतरते. लाल वाइनला तेवढं जवळपास पुरतं, पांढरीला नाही. पावसाळ्यात हा उपाय निकामी.

स्टीलच्या पेल्यात देऊ नका, वास कळत नाही. काचेचा ग्लास, तळाशी ५० मिली, आधी न हलवता हुंगा. उकळलेला जॅम किंवा गुळाच्या पाकाचा वास आला तर उन्हाने शिजलीय. शिरका किंवा नखपॉलिश उतरवायच्या द्रवासारखा आला तर हवा आणि जिवाणूंनी बिघडलीय, ती सुधारत नाही. कुबट, ओल्या पोत्याचा वास असेल तर बूच दूषित आहे. काडेपेटी किंवा अंड्याचा वास आला तर मात्र घाई करू नका. ग्लास दहा मिनिटं फिरवत ठेवा, तो उडून जातो. ओल्या पोत्याचा तेवढ्याच वेळात आणखी वाढतो. दोन्हींतला फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

गाडी चालवणाऱ्याने फक्त हुंगायचं. बाकीच्यांनीही लोणारपर्यंत सगळ्या बाटल्या चाखायच्या असतील तर घोट तोंडात फिरवून थुंकावा, बाजूला एक रिकामा तांब्या ठेवला की झालं. उरलेली वाइन अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत काठोकाठ भरून, हवा न ठेवता झाकण लावा. बर्फाच्या डब्यात दुसऱ्या रात्रीपर्यंत चांगली राहते.