शाळेसमोरच्या डबल पार्किंगचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार, पुण्यात कोथरूडला राहतो, मुलगी दुसरीत आहे, शाळा दहा मिनिटांवर म्हणून आम्ही रोज चालतच जातो. पण सकाळी पावणेसात ते सव्वासात गेटसमोर जे चालतं ते बघून जीव मुठीत धरावा लागतो, गाड्या डबल पार्क, त्यात व्हॅन आणि रिक्षा, फुटपाथवर टू-व्हीलर, मग पोरांनी चालायचं कुठून? परवा एका कारचं दार अचानक उघडलं आणि तिच्या दप्तराला लागलं, वॉटरबॅग रस्त्यात गेली, ती घाबरून माझा शर्ट घट्ट धरून उभी राहिली. गाडीवाले म्हणाले, "दोनच मिनिटं हो".

आपल्या महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिनही करतात, मग शाळेसमोर वीस मिनिटं तरी रस्ता मोकळा मिळायला नको का?

शाळेला दोनदा सांगितलं, गेटबाहेरचं आमच्याकडे नाही म्हणाले. कुणी वाहतूक शाखेकडून नो पार्किंग किंवा सकाळपुरता वन-वे करून घेतलाय का? अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा, पालकांच्या सह्या लागतात का, नगरसेवकाकडून काम लवकर होतं का? आणि पाच-सहा घरांच्या मुलांना एकत्र चालत नेणारे कुणी असाल तर कसं जमवता, प्लीज सांगा.