पॅकेट कॅप्चर करताना कर्नलमध्ये गळती: एथटूलने कार्डाची मांडणी कशी करावी?

प्रश्न (अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक)
नमस्कार. आमच्या कारखान्यात पाळी बदलताना यंत्रांचा सर्व्हरशी संपर्क तुटतो. कारण शोधण्यासाठी स्विचच्या मिरर पोर्टला (इतर पोर्टवरील वाहतुकीची प्रत देणारे पोर्ट) १० गिगाबिटचे कार्ड असलेला उबंटू संगणक जोडला आहे. पॅकेट टिपणारा टीसीपीडम्प हा प्रोग्राम थांबवल्यावर ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’ (कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, गाळलेली पॅकेट) समोर मोठा आकडा येतो. शिवाय एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० बाइट असूनही काही पॅकेट त्याहून कितीतरी मोठी दिसतात. कार्डाचा रिंग बफर (आलेली पॅकेट कर्नल उचलेपर्यंत ठेवण्याची रांग) सध्या ५१२ आणि कमाल ४०९६ आहे. तो थेट कमाल करावा का?

उत्तर (सातपूर)
रिंग जरूर वाढवा, पण आपला आकडा त्याने कमी होईलच असे नाही. कर्नलने रिंगमधून पॅकेट वेळेत उचलले नाही तर ते कार्डाच्या पातळीवर गळते, आणि टीसीपीडम्पने वेळेत वाचले नाही तर कर्नलच्या बफरमध्ये. पहिली गळती एथटूलच्या (कार्डाची मांडणी पाहण्याची व बदलण्याची आज्ञा) कॅपिटल एस पर्यायात, अनेक इंटेल कार्डांवर ‘आरएक्स मिस्ड एरर्स’ या नावाने दिसते. आपण दिलेला आकडा दुसरीचा आहे. त्यासाठी टीसीपीडम्पला कॅपिटल बी पर्यायाने २६२१४४ द्या. हे एकक किबीबाइटचे असल्याने बफर २५६ मेबीबाइटचा होतो. पडद्यावर न छापता लहान डब्ल्यू पर्यायाने थेट फाइलमध्ये लिहा, आणि हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) पुरेसे असतील तर लहान एस पर्यायाने लांबी १२८ बाइट ठेवा. १० गिगाबिटची वाहिनी भरून वाहिली तर सेकंदाला सुमारे सव्वा गिगाबाइट लिहावे लागते. साध्या साटा डिस्कला ते झेपत नाही, आणि मग कितीही मोठा बफर शेवटी भरतोच.
रिंगसाठी एथटूलला कॅपिटल जी, इंटरफेसचे नाव आणि ‘आरएक्स ४०९६’ द्या. अनेक ड्रायव्हर त्या वेळी लिंक क्षणभर तोडतात, त्यामुळे हे कॅप्चरपूर्वीच करावे.

उत्तर (गंगापूर रोड)
मोठी पॅकेट तारेवरून आलेलीच नाहीत. जीआरओ किंवा एलआरओ या जोडणीच्या सोयी चालू असल्याने अनेक सेगमेंट (टीसीपीचे तुकडे) एकत्र जोडून वर दिले जातात. एथटूलच्या कॅपिटल के पर्यायाने ‘जीआरओ ऑफ एलआरओ ऑफ’ करा. अन्यथा प्रत्येक सेगमेंटचा आकार आणि वेळ कळणार नाही, आणि आपल्याला तर नेमके तेच तपासायचे आहे.
मिरर पोर्टही पाहा. १ गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकच्या दोन्ही दिशा मिळून २ गिगाबिट होतात. मिरर पोर्ट १ गिगाबिटवर चालत असेल तर उरलेली पॅकेट स्विचच टाकून देतो, आणि त्याची नोंद आपल्या संगणकावर कुठेच होत नाही. ती स्विचच्या त्या पोर्टच्या ‘आउटपुट ड्रॉप्स’मध्ये शोधावी लागते.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही मूल्ये टिकतात का?

उत्तर (सातपूर)
नाही. एथटूलने दिलेली मूल्ये पुन्हा सुरू केल्यावर जातात. सिस्टमडीच्या (उबंटूमध्ये यंत्र सुरू होताना सेवा व मांडणी लावणारी व्यवस्था) लिंक फाइलमध्ये रिंगचा आकार आणि ऑफलोड (जीआरओ, एलआरओ) दोन्ही लिहून ठेवा, आणि संगणक सुरू झाल्यावर एथटूलच्या लहान जी आणि लहान के पर्यायांनी ती लागू झाल्याची खात्री करा.