‘वस्तीचं कॅरेक्टर’ मराठीत कसं लिहायचं?

मधलीगल्ली
नमस्कार मंडळी. आमच्या रस्त्यावर एक जुना बंगला आहे. त्याचा प्लॉट रहिवास विभागातून काढून वाणिज्य विभागात घालायचा प्रस्ताव आलाय. पेपरात जाहीर सूचना आली, हरकती-सूचनांसाठी एक महिना दिलाय. सोसायटीतल्या एका मुलाने इंग्रजीत झकास पत्र लिहून दिलं. मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तिसऱ्याच ओळीत गाडी अडली. ‘या बदलाने नेबरहूडचं कॅरेक्टर नष्ट होईल’, हे वाक्य. भाषांतराच्या यंत्राने ‘परिसराचे चारित्र्य नष्ट होईल’ असं करून दिलं. सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवलं तर समोरच्या काकू म्हणाल्या, “अगंबाई, आपल्या गल्लीचं चारित्र्य कुणी काढलं?” पुढची दहा मिनिटं बैठक नुसती हसत होती.

तर योग्य शब्द कोणता? स्वरूप, तोंडवळा, बाज, वळण की आणखी काही? शिवाय त्याच पत्रात ट्रॅफिकसाठी मी एकदा वाहतूक, एकदा रहदारी आणि एकदा वर्दळ लिहिलंय. चालेल का?

ओवी
‘बाज’ छान आहे, पण तो गाण्याला, लिहिण्याला, बोलण्याला शोभतो. तबल्याचा बाज, लावणीचा बाज. ‘वळण’ माणसाच्या वागण्याला आणि अक्षराला. ‘तोंडवळा’ गावाला लावलेला ऐकलाय, आणि तो दिसण्याबद्दलच आहे: घरांची उंची, झाडं, कौलं, ओटे. तुम्हाला त्याहून जास्त काही म्हणायचंय ना? संध्याकाळी पोरं रस्त्यावर खेळतात, कुणाच्या दारात कोण उभं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते? त्याला माझ्या आजोळी ‘शेजार’ म्हणायचे. “तिथला शेजार चांगला आहे” म्हणजे नुसता शेजारी नव्हे, अख्खी वस्ती.

तिरकस
शेजार बदलेल म्हणून हरकत घेतली तर अधिकारी म्हणेल, शेजारी निवडून द्यायचं काम महापालिकेचं नाही. :)

जुना_कारकून
नगररचना खात्यात नोकरी झाली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हा शब्द कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७. फेरबदलामुळे विकास योजनेचं ‘कॅरेक्टर’ बदलत नसेल तरच तो फेरबदल या कलमाखाली करता येतो, असं इंग्रजी मजकूर सांगतो. आता नीट बघा, कॅरेक्टर कुणाचं? वस्तीचं नाही, योजनेचं. म्हणजे अख्ख्या शहराच्या आराखड्याचं. एका प्लॉटने तेवढ्या मोठ्या आराखड्याचं स्वरूप ते काय बदलणार? त्यामुळे एकेक प्लॉट त्या दारातून आरामात आत येतो. पन्नास आले तरी प्रत्येक जण एकटाच आलेला असतो. तुमच्या गल्लीच्या स्वरूपाची काळजी या कलमाने घेतलेली नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवून पत्र लिहा.

याला खात्यात ‘किरकोळ फेरबदल’ म्हणायचे. योजना तयार होत असताना जे मोठे बदल होतात त्यांना ‘सारभूत स्वरूपाचे फेरबदल’ हा शब्द आहे, त्याची व्याख्या कलम २२अ मध्ये आहे. ‘सारभूत’ हा शब्द मी कचेरीबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक म्हणतात ‘डीपी’, पेपरवाले ‘विकास आराखडा’, आणि कायदा ‘विकास योजना’. पत्रात ‘विकास योजना’च लिहा.

शब्दाचं म्हणाल तर ‘स्वरूप’. साधा आहे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याखालून रोज जाणारा आहे.

बार्देसकर
आमच्या गोव्यात या सगळ्याला एकच शब्द पुरतो: ‘रूपांतर’. शेत वस्तीच्या जागेत बदललं तरी रूपांतर, बागायत हॉटेलात गेली तरी रूपांतर. गावात नुसतं “त्याने रूपांतर केलं” म्हटलं तरी कशाचं कशात हे विचारावं लागत नाही. २००६-०७ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या नावाच्या आराखड्याच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला, तेव्हापासून तर हा शब्द ग्रामसभेत शिवीसारखा वापरतात. तुमच्याकडचा ‘वापर बदल’ त्यापुढे फारच सोवळा वाटतो.

परळकर
नावांकडे बघा, स्वरूप आपोआप कळेल. माझं लहानपण मुंबईच्या गिरणगावात गेलं. आता तो भाग जाहिरातीत ‘अप्पर वरळी’ झालाय.

आमच्याकडचा फेरबदल मात्र किरकोळ नव्हता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता: गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये तो बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. गिरणीची जमीन म्हणजे शेड आणि इमारतीच जास्त, मग मोकळी किती उरणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मार्च २००६ मध्ये नवा नियम कायम झाला. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकर फिरले.

आणि ट्रॅफिकबद्दल: तिथली रेल्वे स्टेशनं चालत येणाऱ्या गिरणी कामगारांसाठी होती. त्याच जिन्यांवर कार्यालयांची गर्दी आली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. तिथे एकही गाडी नव्हती. म्हणून तुमच्या पत्रात ‘वाहतूक’ एवढाच शब्द घालू नका. त्यात चालणारा माणूस मावत नाही.

ओवी
परळकर, हे पटलं. शब्दांचंच बघायचं तर ‘वाहतूक’मध्ये वाहणं आहे, म्हणजे ओझं नेणं. मालाची वाहतूक हा त्याचा मूळचा संसार, माणसांच्या गाड्या त्यात नंतर आल्या. ‘रहदारी’ फारसीतून आली. पूर्वी ‘राहदारी’ म्हणजे वाटेवरचा कर, जाणाऱ्या मालावर घेतलेला. आता त्यात जाणंयेणं तेवढं उरलं, कर दुसऱ्या नावांनी द्यावा लागतो. ‘वर्दळ’मध्ये मात्र पाय आहेत. घरातसुद्धा वर्दळ असते, लग्नघरात, दवाखान्यात. रस्त्यावर वर्दळ वाढली तर दुकानदार खूश होतो, वाहतूक वाढली तर तोच वैतागतो.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात. त्या दिवशी वाहतूक बंद आणि वर्दळ भरपूर. हे दोन शब्द एक नाहीत हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तेव्हा जा.

तिरकस
आणि ‘कोंडी’? ती फक्त वाहतुकीची होत नाही. नगरसेवकाची पण होते. एका बाजूला रहिवासी, दुसऱ्या बाजूला वर्गणी देणारे.

जुना_कारकून
तिरकसराव, हसण्यावारी नेऊ नका. नगरसेवकाची कोंडी खरी असते. दुकानं आली की मिळकत कराचं उत्पन्न वाढतं, बिगरनिवासी दर जास्त असतो. त्याच पैशातून तुमच्या गल्लीचं ड्रेनेज बदलायचं असतं. त्याच माणसाला सकाळी फोन येतो की गेटसमोर गाड्या लागल्या. म्हणून सभेत एक खास भाषा तयार झाली आहे, ती शिकून घ्या.

‘विषय एक महिना पुढे’: कुणालाच नाही म्हणायचं नाही. ‘अभिप्रायासाठी प्रशासनाकडे’: लोकांनी फार आवाज केला, थंड होऊ द्या. ‘उपसूचनेसह मान्य’: मूळ विषय एक आणि मंजूर झालं भलतंच, उपसूचना शब्द न् शब्द वाचा. आणि ‘दप्तरी दाखल’. नवख्याला वाटतं दाखल झालं म्हणजे काम झालं. नाही. दप्तरी दाखल म्हणजे विषय फाईलमध्ये बंद. तुमच्या सोसायटीला हवा आहे तो हाच शब्द. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात मुख्य सभा म्हणजे कागदावर एकच माणूस, तेव्हा ही सगळी भाषा ओस पडली होती.

सभेने मान्य केलं तरी संपत नाही. सुनावणी होते, मग प्रस्ताव शासनाच्या मंजुरीला जातो. शेवटचा शब्द मंत्रालयात नगरविकास विभागाचा.

मधलीगल्ली
काका, फार उपयोगी. एक विचारतो. प्लॉट वाणिज्य न करताही तिथे दुकानं येऊ शकतात असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

जुना_कारकून
रस्त्याच्या रुंदीवर आहे. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, तिच्यात रहिवास विभागाचे दोन भाग आहेत. दाट वस्तीत ९ मीटरहून अरुंद आणि दाट वस्तीबाहेर १२ मीटरहून अरुंद रस्त्यावरचे प्लॉट पहिल्यात. त्याहून रुंद रस्त्यावरचे दुसऱ्यात, आणि तिथे दुकानं-कार्यालयांना बरीच जास्त मुभा. म्हणून आधी तुमचा रस्ता मोजा, आणि रुंदीकरणाच्या प्रस्तावात तो आहे का तेही बघा.

‘रुंदीकरण’ हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं गाड्यांची सोय. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला होता. नऊ मीटर झाल्यावर त्या प्लॉटवर टीडीआर, म्हणजे दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येतो, त्यासाठी ती धडपड होती. गाडी तीन मीटर जास्त फिरणार, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मजले जास्त उभे राहणार. त्यातून कोंडी सुटेल की वाढेल, हे सांगायला वाहतूक तज्ज्ञ नको.

बार्देसकर
टीडीआर आणि एफएसआय हे शब्द इंग्रजीच बरे. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, त्याचं मराठी ‘चटई क्षेत्र निर्देशांक’, आणि फ्लॅटच्या करारात कार्पेट एरियाला, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेलाही ‘चटई क्षेत्र’. दोन्ही वेगळ्या गोष्टी, चटई एकच. या चटईवर बसून कोण काय मोजतोय ते कळतच नाही.

पेठेतला
उशिरा आलो. सगळे ‘वस्ती विरुद्ध व्यापार’ असं धरून बोलताय म्हणून लिहितो. पुण्यातल्या ‘पेठ’ या शब्दाचा अर्थ काय? बाजार. कानडीतही तेच. पेशवाईत नवी पेठ वसवायची म्हणजे शेटे-महाजन नेमायचे, व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून काही वर्षं कराची सूट देणारा कौल द्यायचा. खाली दुकान, वर घर. दुकानदार आणि शेजारी एकच माणूस. रहिवास विभाग आणि वाणिज्य विभाग अशी फाळणी नकाशावर रंग भरणाऱ्यांनी नंतर आणली. तेव्हा ‘आमच्या वस्तीत व्यापार नको’ असं पत्रात लिहाल तर खोटं पडाल. कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला, डेअरी तुमच्याकडेही असणारच, आणि ते बंद झाले तर पहिली ओरड तुम्हीच कराल.

ओवी
पण पेठेतल्या दुकानाचं गिऱ्हाईक पेठेतलंच होतं ना? चालत येणारं. तिथे शोरूम आलं तर गिऱ्हाईक हडपसरहून गाडी घेऊन येणार, आणि मालक रात्री तिथे झोपणार नाही. मला वाटतं मधलीगल्लींना ‘व्यापार’ नको नाहीये, बाहेरून येणारी गाडी नको आहे.

पेठेतला
मान्य, फरक आहेच. पण मग तेच लिहा, ‘कॅरेक्टर’ कशाला? त्या शब्दाआड बरंच काही लपतं. अमुक जातीधर्माचे भाडेकरू नकोत, बॅचलर नकोत, खानावळ नको, हे सगळं लोक ‘आमच्या सोसायटीचं वातावरण’ म्हणून सांगतात. स्वरूप म्हणा नाहीतर तोंडवळा, मोजता येत नाही असा शब्द पत्रात आला की वाचणाऱ्याला हेच आठवतं.

परळकर
पेठेतला, हे जरा जास्त झालं. मोजता येत नाही म्हणून ती गोष्ट नसतेच का? चाळीतला गणपती कुठल्या निर्देशांकात बसतो? आमचं जे गेलं ते मोजता आलं नाही म्हणूनच गेलं.

पेठेतला
गेलं, नाही कोण म्हणतंय. मी फक्त एवढंच म्हणतो की सुनावणीला बसलेला माणूस त्याच्यापुढे येईल तेवढंच लिहून घेणार.

ओवी
सहज एक गंमत. ‘हरकत’ अरबी. मूळ अर्थ हालचाल, गती. हिंदीत हरकत म्हणजे कृती, बहुधा वाह्यात. आणि मराठीत आपण तीच हालचाल थांबवायला हरकत घेतो. वर ‘ना हरकत प्रमाणपत्र’ मिळालं की फाईल हलते.

मधलीगल्ली
सगळ्यांचे आभार. रस्ता मोजला, साडेसात मीटर भरला. पत्रातला तो परिच्छेद आता असा केलाय:

“सदर भूखंडासमोरील रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी ७.५ मीटर असून दोन्ही बाजूंस रहिवाशांची वाहने उभी असतात. रस्त्यावर बालवाडी असून सकाळी व दुपारी पालकांची व मुलांची पायी वर्दळ असते. वाणिज्य वापरामुळे बाहेरून येणाऱ्या वाहनांची व मालवाहतुकीची भर पडेल. सबब रस्त्याच्या आजच्या रहिवासी स्वरूपास बाधा पोहोचेल. दैनंदिन गरजेच्या दुकानांस आमची हरकत नाही. प्रस्तावित फेरबदलास हरकत आहे.”

‘शेजार’ घालायचा फार मोह झाला, पण आवरला.

तिरकस
काकूंना वाचून दाखवलं का?

मधलीगल्ली
दाखवलं. म्हणाल्या ‘सबब’ काढ, कोर्टात गेल्यासारखं वाटतं.

जुना_कारकून
‘सबब’ राहू द्या, वाचणाऱ्याला घरचं वाटेल. ‘बाधा पोहोचेल’ही चालेल. वर विषयाच्या ओळीत जाहीर सूचनेची तारीख आणि ‘कलम ३७ अन्वये’ घाला. सुनावणीला बोलवावं अशी विनंती शेवटी वेगळ्या ओळीत लिहा. सोसायटीचं एक पत्र आणि शिवाय प्रत्येक घराचं वेगळं द्या, पण नक्कल करून नाही, प्रत्येकाने आपल्या शब्दांत. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. टपालाने पाठवू नका, महिना संपायला आला असेल.