सल्ला हवा: अभ्यासगटात ‘श्रद्धा आणि सामाजिक न्याय’, सुरुवात कुठून करू?

दुसरा_बाक: नमस्कार. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण अभ्यासगटात पुढचे काही आठवडे हा विषय घ्यायचाय आणि घेणार मी. गटात सरळ दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, आपलं काम सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणं, समाजकारण बाकीचे बघतील. दुसऱ्यांना कालच मोर्चा काढायचा होता. दोन्हीकडचे शेवटपर्यंत टिकतील असं वाचन सुचवा. जाडजूड ईश्वरविज्ञान नको, निम्मे पेंगतील.

जुना_वाचक: बायबलमधले आमोस आणि मीखा हे संदेष्टे तुम्हाला सगळेच सुचवतील, पण तिथून सुरू करू नका. संदेष्टे तापलेले असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं ते दुसऱ्याच कुणाला तरी सुनावताहेत. त्यापेक्षा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 24 वा अध्याय उघडा. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. त्याने पांघरूण गहाण ठेवलं असेल तर रात्रीच्या आत परत करायचं. शेतात पेंढी विसरली तर आणायला मागे फिरायचं नाही. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. इथे कुणी दयेची विनवणी करत नाहीये, हा कायदा आहे. लगेच याकोब 5:4 वाचा, तिथे अडवून ठेवलेली मजुरीच ओरडतेय. दान आणि न्याय यातला फरक तेवढ्यात कळतो, वेगळं भाषण नको.

साधी_गोष्ट: +1. आणि प्रेषितांची कृत्ये 6 सोडू नका. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जात होत्या, कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ‘प्रार्थना करा, होईल ठीक’ म्हणून बोळवण केली नाही, सात जण निवडायला लावले. ती नावं मोठ्याने वाचून घ्या: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन वगैरे. सातही ग्रीक! म्हणजे तक्रार ज्यांची, वाटप बहुधा त्यांच्याच हाती दिलं. आमच्याकडे या सात ओळींवर अख्खी संध्याकाळ गेली आणि भांडणही झालं. चांगलं भांडण.

खांबामागचा: जरा थंड पाणी ओततो. समाजकारणाच्या नादात वधस्तंभ मागे पडलेला मी पाहिलाय. सुवार्तावाल्यांची भीती अगदीच खोटी नाही, त्यांना झोडपू नका.

जुना_वाचक: मान्य. त्यांच्या हाती 1974 चा लोझान करार द्या, म्हणजे सुवार्ताप्रसारावरच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेचं निवेदन. ती परिषद अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने भरली होती, त्यामुळे ‘हे सगळे डावे’ म्हणून उडवून लावता येत नाही. पाचव्या कलमात, सुवार्ता आणि सामाजिक जबाबदारी कधीकधी परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्ताप आहे. आणि समाजकार्य म्हणजे सुवार्ता नव्हे, राजकीय मुक्ती म्हणजे तारण नव्हे, हेही तिथेच बजावलंय. दोघांनाही टोचतं, म्हणून मला आवडतं.

साधी_गोष्ट: मोर्चावाल्यांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांचं 1963 चं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र. आंदोलन अवेळी आहे म्हणणाऱ्या आठ धर्मगुरूंना ते उत्तर होतं. हाताशी कागद नव्हता, म्हणून वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत सुरुवात केली. त्यांचा खरा राग उघड विरोधकांपेक्षा ‘जरा थांबा’ म्हणणाऱ्या सभ्य माणसांवर आहे, आणि मंडळीवरही. पत्र लांब आहे, निवडक उतारे काढा.

दुसरा_बाक: झकास. पण नुसतं वाचून घरी गेलो असं नको व्हायला.

जुना_वाचक: मग शेवटच्या बैठकीला वाचन ठेवूच नका. मंडळीचाच हिशेब मागा. साफसफाई करणाऱ्या बाईंना, पहारेकऱ्याला पगार किती, किती तारखेला मिळतो, आजारपणात कापतात का. बाहेरच्या अन्यायावर बोलायचं त्यानंतर.

दुसरा_बाक: खजिनदार माझे सासरे आहेत.

खांबामागचा: 😄 मग आधी पाळकांच्या कानावर घाला, आणि हिशेब दुसऱ्या कुणाला तरी मागायला लावा.