लग्नाआधीचे रिसर्च पेपर माझ्या नावावर कसे आणायचे?

भोपळेवाली
मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. पुढच्या महिन्यात प्रमोशनचा इंटरव्ह्यू. फॉर्मवर एक रकाना आहे: एकूण सायटेशन्स (आपल्या पेपरांचा इतरांनी किती वेळा दाखला दिला) आणि एच-इंडेक्स (५ म्हणजे निदान पाच पेपरांना प्रत्येकी पाच तरी सायटेशन्स). काल मुलगी झोपल्यावर गूगल स्कॉलर, म्हणजे पेपर आणि त्यांची सायटेशन्स दाखवणारं गूगलचं पान, उघडलं आणि कपाळावर हात मारला.

लग्नाआधी मी एस. व्ही. देशपांडे, नंतर एस. आर. पाटील. नुसतं आडनावच नाही, मधलं अक्षरही गेलं. वडिलांच्या जागी नवरा आला ना! देशपांडेबाईंचे सहा पेपर, सायटेशन्स ४१, १९, १२, ६, ४, १. पाटीलबाईंचे पाच: ९, ५, ५, २ आणि एक भोपळा. सगळ्यात जास्त राबले त्या भोपळ्यासाठीच. दोन पावसाळे वॉर्डावॉर्डांतून जखमांचे स्वॅब गोळा करत हिंडले होते.

स्कॉलरच्या लेखी देशपांडे ही कुणी तिसरीच बाई. उलट पाटील नावाखाली त्याने आपल्या मनाने दोन पेपर चिकटवलेत. एक सोयाबीनच्या तांबेऱ्यावरचा (१७), दुसरा सेंट्रिफ्यूगल पंपावरचा (११२!). या दोघांच्या जिवावर माझा एच-इंडेक्स ५ दिसतोय. नवरा म्हणतो, राहू दे की, पाटील ते पाटील. पण समितीत कुणी विचारलं, मॅडम, हा पंप कुठला, तर काय सांगू?

दोन्ही नावं एकत्र कशी करायची? आणि देशपांडेंचा ४, पाटलांचा स्वतःचा ३, मग मिळून ७ होतो का?

कपाट_नंबर_७
ताई, लायब्ररीत माझं निम्मं काम हेच. आधी गणित. बेरीज होत नाही. सगळे पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरून मोजत या: ४१, १९, १२, ९, ६. पाचव्या पेपरला ६, म्हणजे पास. सहाव्याला ५, तिथे अडलं. तुमचा एच-इंडेक्स ५.

स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये 'इतर नावं' असा रकाना आहे, तिथे देशपांडे टाका. मग जुने पेपर शोधून जोडा, पंप आणि सोयाबीनवर टिक करून उडवा. नवे पेपर आपोआप जोडू नयेत, आधी मेलवर विचारावं, अशी सेटिंग करून ठेवा, नाहीतर उद्या आणखी एखादे पाटील येतील. ऑर्किडचा (ORCID, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख) सोळा आकडी नंबर काढा, फुकट मिळतो, तिथेही जुनं नाव नोंदवता येतं. स्कोपस हा सायटेशन्स मोजणारा दुसरा डेटाबेस, त्यात तुमच्या दोन आयडी असणार. त्या एक करण्याची विनंती पाठवा. तिथला आकडा बहुधा कमीच दिसेल, कारण ते आपल्याच यादीतली जर्नल्स धरतात. फॉर्मवर आकड्यापुढे 'स्कॉलर' की 'स्कोपस' आणि पाहिल्याची तारीख लिहा.

जुना_सेंट्रिफ्यूज
भोपळ्याचं वाईट वाटून घेऊ नका. २०१४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने सर्वाधिक सायटेशन्सच्या पेपरांची यादी काढली. पहिला कोण? लोरी, १९५१, प्रोटीन मोजायची पद्धत. तीन लाखांवर सायटेशन्स! आम्हीही आयुष्यभर लोरी केली आणि खाली इमानेइतबारे त्याचं नाव लिहिलं. पद्धत सांगणाऱ्याला असं भरभरून मिळतं.

आणि कलकत्त्याचे शंभुनाथ डे? कॉलऱ्याचे जंतू गाळून काढले, उरलेलं जंतुविरहित पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातलं. तुकडा टम्म फुगला. म्हणजे जुलाब होतात ते जंतूच्या विषाने, हे १९५९ च्या 'नेचर'मधल्या पेपरात आलं. बराच काळ फारसं कुणी विचारलं नाही. नोबेलविजेते जंतुशास्त्रज्ञ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं, पण हयातीत भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. डे १९८५ ला गेले. त्यांच्या कामाच्या सायटेशन्सचा माग काढून लेख लिहिला गार्फील्ड यांनी, म्हणजे ज्यांनी सायटेशन इंडेक्स काढला त्यांनीच; तोही डे गेल्यावर.

इंटरव्ह्यूत स्वॅबबद्दल बोला. तिथे कुणी तरी एक माणूस ऐकणारा असतो.

भोपळेवाली
दोघांचेही आभार. काल रात्री बसून केलं. दोन परके गेले, सहा माझे परत आले. एच-इंडेक्स होता ५, झाला ५! एकूण सायटेशन्स मात्र १५० वरून १०४ वर. एकट्या पंपापेक्षाही कमी. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, एवढं जागून काय मिळवलंस?

स्कोपसला विनंती गेली आहे. पंपवाल्या पाटलांनाही मेल टाकली, तुमचा पेपर माझ्याकडे होता म्हणून. त्यांचं उत्तर आलं: "मॅडम, माझ्याकडे एक जखमांचा आलाय, तो तुमचा का?"