मदत हवी आहे: मुलीची विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड, कॉलेज विम्याचा पुरावा आणि हमीपत्र मागतंय (नागपूर)

रेडरची आई

नमस्कार. माझी मुलगी नागपुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कबड्डी खेळते, रेडर आहे, आणि यंदा तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीचं सराव शिबिर तोंडावर आलंय. घरात आनंद आहेच, पण कॉलेजने दोन कागद हातात दिलेत. त्यावर सही करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा काढते आहे.

पहिला कागद म्हणजे खेळाडूचा आरोग्य किंवा अपघात विमा असल्याचा पुरावा. दुसरा पालकांचं हमीपत्र. त्यात लिहिलंय की सराव, प्रवास किंवा स्पर्धेत दुखापत झाल्यास सगळ्या खर्चाची आणि परिणामांची जबाबदारी पालकांची, महाविद्यालयाचा काही संबंध राहणार नाही. पण प्रवेशाच्या पावतीवर "विद्यार्थी विमा" म्हणून पैसे घेतलेले स्पष्ट दिसतात. तो विमा कशाचा, किती रकमेचा, हे ऑफिसात कोणी सांगायला तयार नाही. प्रत मागितली तर "ते वरून येते मॅडम" एवढंच उत्तर.

आमच्याकडे चौघांची मिळून 3 लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे, गेल्या दिवाळीत घेतलेली. मिस्टर हिंगणा एमआयडीसीत एका खाजगी कारखान्यात आहेत. रेशनकार्ड केशरी.

एवढी काळजी का वाटते ते सांगते. मागच्या मोसमात मुलीच्याच संघातल्या एका पोरीचा पाय पकडीतून सुटताना मॅटवर अडकला आणि गुडघा फिरला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं. विमा होता तरी कंपनीने आधी "लिगामेंटला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड आहे" (म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढा काळ त्याचा खर्च मिळत नाही) म्हणून नाही सांगितलं, मग "मुलगी व्यावसायिक खेळाडू आहे का" असं पत्र पाठवलं. वडिलांनी शेवटी सोसायटीचं कर्ज काढून ऑपरेशन केलं. ती पोरगी अजून मैदानात उतरलेली नाही, आणि तिच्या घरी त्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. माझ्या मुलीची तिच्याशी पक्की मैत्री आहे, म्हणून हे सगळं जवळून पाहिलंय.

मला कळत नाही ते असं: आमची फ्लोटर खेळातल्या दुखापतीला चालेल का? वेटिंग पिरियडचं काय? वेगळा अपघात विमा घ्यावा का? आणि हमीपत्रावर अशीच सही करायची का?

धंतोली डेस्क

ताई, मी हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर काम करतो, रोज हीच भांडणं बघतो. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीला मिळालेली दोन्ही कारणं तपासून घेण्यासारखी होती.

वेटिंग पिरियडचं आधी. ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत 24 महिने थांबावं लागतं, आणि बऱ्याच पॉलिसींच्या त्या यादीत गुडघ्याच्या आतल्या बिघाडाचा उल्लेख असतो. पण त्याच कलमात लिहिलेलं असतं की अपघातामुळे उद्भवलेल्या क्लेमला ही अट लागू नाही. सुरुवातीच्या 30 दिवसांच्या वेटिंगमधूनही अपघात वगळलेला आहे. पकडीत गुडघा फिरणं हा अपघातच. तुमची पॉलिसी एक वर्षाची असली तरी या मुद्द्यावर घाबरू नका.

आता "व्यावसायिक" चं. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेल्या अपवादांमध्ये साहसी आणि धोकादायक खेळांचं एक कलम आहे. त्यात व्यावसायिक म्हणून भाग घेतला तर खर्च मिळणार नाही असं आहे, आणि उदाहरणं गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार रेसिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा डायव्हिंग अशी आहेत. ती यादी पूर्ण नाही, उदाहरणादाखल आहे, हे खरं. तरीही कॉलेजातली मुलगी विद्यापीठाकडून खेळते, तिला प्रवासभत्ता मिळतो, पगार नाही. कंपनीने विचारलं तर कॉलेजचं बोनाफाईड आणि क्रीडा विभागाचं पत्र जोडायचं.

क्लेम खरा अडतो तो पहिल्या चिठ्ठीवर. पोरगी लंगडत ओपीडीत येते, डॉक्टर विचारतात कधीपासून दुखतंय, ती म्हणते "दोन महिने झाले, अधूनमधून दुखायचं, काल जास्त झालं." घाईत चिठ्ठीवर उतरतं "गुडघेदुखी, दोन महिने". पडल्याचा उल्लेख नाही, तारीख नाही, मैदानाचं नाव नाही. महिन्याभराने एमआरआय होतो, शस्त्रक्रिया ठरते, आणि कंपनी सगळ्यात आधी तीच चिठ्ठी काढते. मग अपघात सिद्ध करता करता घरच्यांच्या नाकी नऊ येतात. म्हणून पहिल्याच भेटीत, जे घडलं ते जसंच्या तसं लिहून घ्या: अमुक तारखेला, अमुक मैदानावर, सराव करताना पकडीत उजवा गुडघा फिरला, लगेच सूज आली. आधी दुखत असेल तर तेही लपवू नका, पण त्या दिवशीची दुखापत वेगळी लिहिलेली दिसली पाहिजे. प्रशिक्षकांचं सही-शिक्क्याचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. नंतर घेतलेल्या पत्राला वजन राहत नाही.

रेडरची आई

खूप आभार भाऊ. चिठ्ठीचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. मॅटवर सराव चालतो तिथे ना डॉक्टर असतो ना नोंदवही. आणखी एक विचारते, फिजिओथेरपीचे पैसे मिळतात का? त्या मैत्रिणीचा ऑपरेशननंतरचा खर्च त्यातच जास्त झाला.

धंतोली डेस्क

दाखल न होता नुसती फिजिओथेरपी साध्या पॉलिसीत बसत नाही. शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस मिळतात, कुठे 60, कुठे 90, कुठे 180. तेही डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच. एसीएलनंतर पुन्हा खेळायला नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणजे उरलेले महिने खिशातून. गुडघ्याचा ब्रेस आणि क्रेप बँडेज न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतात, त्यासाठी वेगळं रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, असेल तर गोष्ट वेगळी. एमआरआयची पावती जपून ठेवा, दाखल होण्याआधीच्या खर्चात तो धरला जातो.

खोलीभाड्याची मर्यादाही बघून घ्या. 3 लाखांच्या पॉलिसीत दिवसाला 1 टक्का असेल तर 3,000 रुपये. तुम्ही 6,000 ची खोली घेतली तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं असे खर्च निम्मेच मंजूर होतात. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेले स्क्रू वगैरे यांना ही कपात लावता येत नाही, तशी कोणी लावली तर लेखी हरकत घ्या.

मैदानमास्तर

मी विदर्भातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. ताई, हमीपत्रावर डोळे मिटून सही करू नका. खेळातली नेहमीची जोखीम पालकांनी मान्य करणं वेगळं आणि कॉलेजने सगळंच अंग काढून घेणं वेगळं. मॅट फाटलेली असेल, प्रथमोपचार पेटी नसेल, तर त्यातून झालेल्या इजेची जबाबदारी एका कागदाने संपत नाही. आमच्याकडे काही पालकांनी खाली पेनाने लिहून दिलं, "संस्थेच्या निष्काळजीपणामुळे झालेली इजा वगळून, व विद्यार्थी विम्याचे लाभ अबाधित ठेवून". कोणालाही संघातून काढलं नाही. सही केलेल्या कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

विद्यार्थी विम्याची माहिती तोंडी मागू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज करून आवक क्रमांक घ्या. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. हा विमा बहुतेक वेळा मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढ्यापुरताच निघतो, उपचारखर्च त्यात असतोच असं नाही. म्हणून "विमा आहे ना" या शब्दावर थांबू नका.

राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना पहिली ते बारावीच्या मुलांसाठी आहे, तुमच्या मुलीला लागू नाही. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत बँकेतून निघतो, 18 वर्षं पूर्ण झालेल्या मुलीचा जरूर काढा. मात्र त्यात मृत्यू आणि पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 1 लाख असं आहे. लिगामेंटच्या ऑपरेशनला त्यातून काही मिळत नाही.

मानेवाडाकर

वहिनी, मिस्टर कारखान्यात आहेत म्हणता, त्यांचं ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जातं का? पगार महिन्याला 21,000 पर्यंत असेल तर बहुतेक कापलं जात असेल, पगारपत्रक बघा. तसं असेल तर अवलंबून असलेल्या अविवाहित मुलीचे उपचार त्यात येतात. सोमवारीपेठेतल्या ईएसआय हॉस्पिटलमधून पुढे रेफर करतात. रांग लागते, सह्यांसाठी हेलपाटे होतात, पण क्लेमची झंझट नाही. मुलीचं नाव आणि फोटो कार्डावर चढवलाय का ते आधी पाहा, आमच्याकडे तेच राहून गेलं होतं.

नाहीतर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. ठरावीक शस्त्रक्रियाच त्यात आहेत, म्हणून हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणारा माणूस) ऑपरेशनचं नाव दाखवून आधी विचारायचं.

ओहायोकर

मूळचा नागपूरचाच, प्रतापनगर. माझा भाचा इथे अमेरिकेत कॉलेजकडून टेनिस खेळतो, म्हणून लिहितो. इथे एनसीएए नावाची कॉलेज खेळांची संघटना आहे. तिच्या नियमाप्रमाणे खेळाडू सरावाला उतरण्याआधीच कॉलेजने खात्री करून घ्यायची असते की खेळातल्या दुखापतीला विमा आहे. तो पालकांचा असो, विद्यार्थ्याचा असो की कॉलेजचा. 90,000 डॉलरपर्यंतचा खर्च त्या विम्यातून भागला पाहिजे, त्यापुढच्या भयंकर दुखापतींसाठी एनसीएएची स्वतःची पॉलिसी आहे. 1 ऑगस्ट 2024 पासून पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजांना खेळाडू बाहेर पडल्यावरही खेळातल्या दुखापतीचा खर्च किमान दोन वर्षं बघावा लागतो.

इथेही सगळं गोड नाही. परदेशी विद्यार्थ्यांना विकल्या जाणाऱ्या स्वस्त पॉलिसींमध्ये आंतरमहाविद्यालयीन खेळ वगळलेले असतात, भाच्याच्या वेळी आम्ही ते वाचून दुसरी घेतली. पण पुराव्याचा कागद मागताना "खेळातल्या दुखापतीसाठी" हे शब्द इथे लिहिलेले असतात. तुमच्या कॉलेजने नुसता विमा मागितलाय. कोणतीही पॉलिसी जोडली की त्यांची फाईल पूर्ण होईल, मुलीचं संरक्षण होईलच असं नाही.

रेडरची आई

ओहायोकर दादा, अगदी बरोबर बोललात. वैयक्तिक अपघात विम्याचं कोणी सांगेल का?

धंतोली डेस्क

घ्या, पण "अपघाती उपचारखर्च" हे जोड-कलम असलेलाच घ्या. नुसत्या अपघात विम्यात मृत्यू आणि अपंगत्वच असतं. विद्यार्थिनीला स्वतःचं उत्पन्न नसल्याने कंपन्या मोठी रक्कम देत नाहीत, एजंटने मोठे आकडे सांगितले तर लेखी मागा. फॉर्मवर "विद्यार्थिनी, विद्यापीठस्तरीय कबड्डी" असं स्वच्छ लिहा. काही अपघात पॉलिसींमध्ये खेळाचं कलम आरोग्य विम्यापेक्षा कडक असतं, तेवढं पान एजंटसमोरच वाचा.

आणि क्लेम नाकारला तर त्या मैत्रिणीच्या वडिलांनाही सांगा: आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. नागपूरसाठी पुण्याचं कार्यालय, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यांचा नकार मागच्या मोसमातला म्हणता, तर तारीख आजच बघा.

रेडरची आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय झालं ते सांगते. प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिल्यावर विद्यार्थी विम्याची प्रत मिळाली. त्यात फक्त मृत्यू आणि कायमचं अपंगत्व आहे, उपचारखर्च नाही. हमीपत्रावर मास्तर सरांचं वाक्य लिहून सही केली, ऑफिसने ते ठेवून घेतलं. मिस्टरांचं ईएसआय कापलं जात नाही, पगार मर्यादेच्या वर गेलाय, म्हणून फ्लोटर आणि उपचारखर्चाचा अपघात विमा असं ठरवलंय.

मैत्रिणीच्या वडिलांशी बोलणं झालं. नकाराच्या पत्राला वर्ष व्हायला थोडे दिवस उरलेत. ओपीडीची पहिली चिठ्ठी सापडली, त्यावर तारीख आणि "कबड्डी खेळताना" असं लिहिलेलं आहे! लोकपालांकडचा अर्ज मराठीत लिहून द्यायला कोणी मदत करेल का? शनिवारी संध्याकाळी आम्ही संघातल्या मुलींचे पालक बसणार आहोत, तेव्हाच लिहून टाकायचा विचार आहे. शिबिरात प्रथमोपचार पेटी आणि दुखापतीची नोंदवही ठेवायची मागणीही त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्यांनी देणार आहोत.

धंतोली डेस्क

ताई, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी सहानंतर माझी ड्युटी संपते, येतो. पॉलिसीची पूर्ण प्रत, नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी आणि ती चिठ्ठी, चारही मूळ कागद आणायला सांगा. झेरॉक्स तिथे काढू.